बाप्पा, अँबॅसिडर आणि बुजवलेली भोकं

आमची अँबॅसिडर बुडाली, तेव्हा ती समुद्रापासून दीड किलोमीटर लांब, डांबरी रस्त्यावर उभी होती.

याला जबाबदार कोण? (माझं प्रत्येक पत्रक याच प्रश्नाने सुरू होतं. उत्तर नेहमी दुसरं कोणीतरी असतं. या वेळी नव्हतं.)

त्या वर्षी मी 'फेकू नका, जोडा!' ही मोहीम चालवत होतो. कार्यकर्ते चार, पत्रकं दोन हजार! वस्तू जरा बिघडली की फेकायची आणि नवी आणायची, हा कंपन्यांनी रचलेला कट आहे, असं मी एस.टी. स्टँडवर दिसेल त्याच्या हातात कोंबत होतो. अशात बाबांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी, आपल्या आंब्याच्या बागेत अकरा वर्षं उभी असलेली पांढरी अँबॅसिडर मला देऊ केली. अट एकच. मागच्या सीटवरच्या कोंबड्यांचं पुनर्वसन मी करायचं.

"कशाला हवी ती?" आईने विचारलं. "तुला साधी सायकलची चेन बसवता येत नाही."

"आई, हा प्रश्न चेनचा नाही, विचारांचा आहे!"

"मग विचारावर बसून बाजारात जा, आणि येताना नारळ घेऊन ये."

बाबा मात्र हरखले. कारण त्यांचे गुडघे. आमच्याकडे बाप्पा मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून घरी येतात ते बाबांच्या डोक्यावरून. मूर्ती पाटावर बसवायची, वरून कापड झाकायचं, आणि एकदा उचलली की घर येईपर्यंत खाली ठेवायची नाही. तीस वर्षं बाबांनी हे केलं. त्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. (तत्त्व म्हणून मी संपाला पाठिंबा दिला.)

"रिक्षाने आणू," आई म्हणाली.

"बाप्पा भाड्याच्या गाडीतून? मी असेपर्यंत नाही!" मग माझ्याकडे वळून, "काय रे, चतुर्थीपर्यंत होईल तुझी गाडी?"

"शब्द देतो!"

"पत्रकातला की खरा?"

मी छातीवर हात ठेवला. तिथून सगळं बिघडत गेलं.

पहिल्याच गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दाराला बोट लावलं, बोट आरपार गेलं. "भंगारात द्या," तो म्हणाला. भंगारात! माझ्या तोंडावर! मी तिथल्या तिथे शहरातल्या समस्त गॅरेजांवर बहिष्कार टाकला. (गॅरेजांना हे अजून कळलेलं नाही.) आणि थेट मिरकरवाडा बंदराची वाट धरली. जिथे होडी मरेपर्यंत जोडतात, आणि मेल्यावरही जोडतात, तिथेच माझे खरे साथी होते!

इस्माईलचाचा फायबरच्या होड्या दुरुस्त करायचे. त्यांनी गाडी बघितली, पत्रक वाचलं आणि म्हणाले, "गाडी मी कधी केली नाय, बाळा. पण भोक म्हणजे भोक. बुजवू."

आणि बुजवली! पंधरा दिवसांत खालचा सगळा पत्रा फायबरने असा मढवला की गंजाचं नाव राहिलं नाही. दारांची जुनी रबरं कुजली होती. त्यांच्या जागी ट्रॉलरवर बर्फाच्या खणाच्या झाकणाला लावतात ती जाड पट्टी बसवली. इंजिन नशिबाने शाबूत होतं. कोंबड्यांना त्यात रस नव्हता. शेवटच्या दिवशी चाचांनी मला गाडीखाली वाकायला लावलं.

"ही चार भोकं बघ. गोल आहेत. गंजाची नाय वाटत. कंपनीनेच पाडलेली असणार. ठेवू?"

झालं! कंपनी हा शब्द ऐकला की माझ्या अंगात येतं.

"चाचा, कंपनीने केलं म्हणून ते बरोबर? ही गुलामी आपण कुठपर्यंत सहन करायची? बुजवा!"

"अरे, पाणी जायला असतील."

"पाणी येणारच नाही, तर जाईल कुठून?"

चाचांनी फायबरचा डबा पुन्हा पुढे ओढला. मग बुजवली.

चतुर्थीच्या सकाळी आम्ही दोघे निघालो. गाडीला झेंडूची माळ, मागच्या काचेवर मोहिमेचं स्टिकर, बाबा नव्या धोतरात. चित्रशाळेतून बाप्पा बाबांच्या मांडीवरच्या पाटावर बसले. मूर्ती अर्थातच शाडूची, माझाच हट्ट! 'पाणी लागताच विरघळते' असं मीच पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं.

पाऊस जोरात होता. चढणीवर गणपती आणणाऱ्यांची ही गर्दी! आम्ही थांबलो ते नेमके एका गडग्याखाली, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीखाली. वरच्या आवारातलं पाणी त्या जांभ्याच्या गडग्यातून धो धो आमच्या बॉनेटवर. नुसतं बॉनेटवर पडलं असतं तर हरकत नव्हती. पण अँबॅसिडरला काचेच्या पुढे हवा आत घ्यायची एक झडप असते. आमची उघडी अडकली होती, कारण तिचा दांडा आदल्या दिवशी माझ्या हातात आला होता.

"अरे, पायाला गार लागतंय," मागून बाबा म्हणाले.

"हवा आहे, बाबा. गाडीत हवा खेळती हवीच!"

"हवेत चपला तरंगतात?"

खाली बघितलं. बाबांची डावी चप्पल माझ्या गिअरला लागून पुढे निघाली होती. मागोमाग पत्रकांचा गठ्ठा. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, आणि थेंबभर बाहेर जायला तयार नाही. चाचांच्या कामाला तोड नव्हती!

"दार उघड, मेल्या!"

दार उघडेना, काचही खाली सरकेना. बर्फवाली पट्टी पाणी पिऊन फुगली होती. पाणी सीटला टेकलं. बाबांनी पाट मांडीवरून छातीपर्यंत नेला. मग हनुवटीपर्यंत. शेवटी दोन्ही हात वर करून बाप्पा थेट छताला टेकवले.

खिडकीशी माणसं जमली.

"काय मस्त देखावा हो! कुठल्या मंडळाचा?"

"हा देखावा नाही!" मी ओरडलो. "दार ओढा!"

"बघ गो, बोलतो पण! मागचे आजोबा तर खरेच वाटतात."

"मी खराच आहे!" बाबा गरजले, आणि जमावाने टाळ्या वाजवल्या.

अखेर एका रिक्षावाल्याला दया आली. त्याने आणि आणखी दोघांनी मिळून मागचं दार असं हिसडलं की आतला समुद्र चपलांसकट आणि पत्रकांसकट रस्त्यावर आला. दोन हजारांपैकी उरलेली सगळी पत्रकं उतारावरून सुटली. मोहिमेचा एवढा प्रसार आधी कधी झाला नव्हता!

बाप्पा अजून बाबांच्या हातांवर, पण बाबांना उठता येईना. गुडघे भिजून लाकूड झालेले. खाली ठेवता येत नाही, वर धरवत नाही, बाहेर धो धो पाऊस आणि मूर्ती शाडूची!

"घे डोक्यावर," बाबा म्हणाले.

"मी?"

"नाही, कंपनीला बोलवू!"

मी घेतले. मग जी मिरवणूक निघाली ती अशी: रिक्षात बाबा, रिक्षाबाहेर त्यांनी धरलेली छत्री, छत्रीखाली बाप्पा आणि बाप्पांखाली मी. एक किलोमीटर चढण! रिक्षा माझ्या चालीने. (भाड्याच्या गाडीबद्दल बाबा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, दम नव्हता.)

दारात आई पाय धुवायला तांब्या घेऊन उभी होती. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि तांब्या खाली ठेवला. "ह्याचं आता काय धुवायचं राहिलंय?" भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि श्वास रोखून मूर्तीवरचं कापड काढलं.

बाप्पा कोरडे! मुकुट जागेवर, सोंड जागेवर. उंदराची शेपटी तेवढी गेली होती. बाबांनी डोळे पुसले. मग सुकी चादर गुंडाळून खुर्चीत बसले आणि जाहीर केलं, "पुढच्या वर्षीपासून बाप्पा तुझ्या डोक्यावरून."

"बाबा, पुढच्या वर्षी गाडी पक्की तयार असेल!"

"म्हणूनच सांगतोय."

मी कडाडून नकार देणार होतो. पण पाटाच्या ओझ्याने मान अशी आखडली होती की ती डावी-उजवीकडे हलेचना. फक्त खाली-वर होत होती. आयुष्यात पहिल्यांदाच, चार माणसांसमोर, मी एखाद्या निर्णयाला पाठिंबा दिला.