ओल्या नमुन्याचा आकडा

आठवा ओला नमुनाही कमी दाबातच फुटला. मी आकडा वहीत लिहिला आणि स्टुलावर बसून राहिले. कोरड्या नमुन्यांच्या मानाने निम्मासुद्धा आकडा येत नव्हता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सुरतेत, इच्छापोरच्या एका छोट्या कंपनीत मी लॅब इनचार्ज होते. आम्ही हाडाचं सिमेंट बनवायचो. कॅल्शियम फॉस्फेटची पावडर द्रावणात कालवायची आणि तो लगदा मोडलेल्या हाडातल्या पोकळीत भरायचा. तो थोड्या वेळात घट्ट होतो. आत बारीक छिद्रं राहतात. ती लागतातच, त्यांच्यामुळे नवं हाड हळूहळू सिमेंटची जागा घेतं. पण छिद्रं वाढली की ताकद घटते.

लगदा सिरिंजमधून सहज यावा म्हणून आम्ही द्रावण वाढवलं होतं. त्याने छिद्रं वाढली. तरी माझ्या रिपोर्टात ताकद उत्तम दिसत होती, कारण मी नमुने ओव्हनमध्ये सुकवून मशीनखाली दाबत होते. ती पद्धत माझीच.

परवा हाडांचे सर्जन डॉ. पारेख यांनी फोनवर सहज विचारलं होतं, “ओलं असताना ताकद किती भरते?” तसं मी कधी मोजलंच नव्हतं, आणि शरीरात तर सिमेंट ओलंच राहतं. म्हणून नमुने दिवसभर कोमट मिठाच्या पाण्यात ठेवले आणि ओलेच दाबले. उद्या सकाळी डॉक्टर आमचं सिमेंट एका पेशंटच्या गुडघ्याखालच्या हाडात भरणार होते. रिपोर्टातल्या आकड्यावर भिस्त ठेवून, आधाराला धातूची प्लेट न लावता.

मी मालकांकडे गेले. जिग्नेशभाईंनी वही पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

“वैशालीबेन, सूखावाला रिपोर्ट तो अच्छा है ने?”

“तो चुकीचा आहे. माझी चूक आहे.”

“अब बोलेंगे तो डॉक्टर दुबारा माल नहीं लेगा.”

“नाही सांगितलं तर पाय खचेल.”

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मी ती परवानगी समजले. खरं तर ती नव्हती.

संध्याकाळी वही घेऊन हॉस्पिटलात गेले. डॉक्टर राउंडवर होते. वॉर्डात पेशंट भेटला. आनंदा पाटील, बमरोलीच्या कापडाच्या लूमवरचा कारागीर, धुळ्याकडचा. जिन्यावरून पडला होता. माझं मराठी ऐकून त्याने विचारलं, “ताई, मी कामवर कव्हय जासू?”

“कामावर कधी जाता येईल ते डॉक्टरांना विचारते, दादा,” मी म्हणाले आणि वही पदराआड धरली.

डॉक्टरांनी आकडे दोनदा वाचले.

“आधी का नाही केलं?”

“सुचलं नाही, सर.”

“ठीक. प्लेट लावतो. सिमेंट फक्त पोकळी भरायला. तीन महिने पायावर भार नाही.”

तीन महिन्यांची गोष्ट त्यांनीच आनंदाला सांगितली. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

जिग्नेशभाई आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ती बॅच परत आली. द्रावण थोडं थोडं कमी करत, रोज नमुने ओले दाबत नवं सिमेंट जमवायला मला पाच महिने लागले. डॉक्टरांनी नवं सिमेंट घेतलं, पण रिपोर्ट आला की नमुना ओला की कोरडा, ही पहिली ओळ ते बोटाने तपासायचे. आनंदा पुन्हा लूमवर उभा राहिला. गुडघा मात्र पुरता वाकत नाही.

वाईट आकडा आला की आपण दहा वेळा तपासतो. चांगला आला की सही करून घरी जातो. मीही तेच केलं होतं.