एका दिवसाचा खंड

माझी पत्नी हुबळीच्या एका इस्पितळात प्रसूतिकक्षात परिचारिका होती. कायम मात्र नव्हती. दर काही महिन्यांनी तिला एक दिवस कामावरून कमी करीत आणि दुसऱ्या दिवशी नव्या हुकुमाने परत घेत. सेवा सलग ठरू नये, कायम होण्याचा हक्क उभा राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. शिकलेल्या परिचारिका आखाताची वाट धरत होत्या, माणसे मिळत नाहीत अशी ओरड होती, आणि जी टिकून राहिली तिला हा न्याय! मी पत्रांवर पत्रे लिहिली. उत्तर एकाचेही आले नाही.

तिने त्या दिवसाचा सण करून टाकला होता. सकाळच्या गाडीने आम्ही अळणावरला जायचो आणि स्टेशनापलीकडच्या झाडांखाली भाकरी आणि शेंगांची चटणी खायचो. "तुमच्या कायद्याने काही मिळो न मिळो, आज नवरा तरी मिळतो," असे ती म्हणे.

अशाच एका सकाळी डबा बांधून आम्ही निघणार, तोच वॉर्डातली आया धापा टाकत दारात आली.

"अक्का, चला. मूल पायाळू आहे. दुसऱ्या सिस्टर आल्याच नाहीत."

मी आडवा आलो. "आज ही तुमच्या नोकरीत नाही. काही कमीजास्त झाले तर जबाबदार कोण?"

"अहो, मग त्या बाळालाच विचारून या, उद्या येतोस का म्हणून," असे म्हणत पत्नीने चपला घातल्या.

डबा घेऊन मी मागोमाग गेलो. दुपारी मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. अधीक्षक भले गृहस्थ, पण वरच्या हुकुमाला भिणारे. म्हणाले, "उपकार झाले, सिस्टर. आता घरी जा. आज तुमचा ब्रेक आहे."

"नोकरीत नाही, तर मला घरी जा म्हणून सांगणार कोण, सर? मी भेटायला आलेली बाई आहे. संध्याकाळपर्यंत बसते." आणि बाळंतिणीच्या खाटेशेजारी बसून तिने डबा उघडला.

अधीक्षकांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "हे तुम्ही शिकवलंत?"

"मला सुचले असते, तर इतक्या पत्रांना तिकिटे कशाला लावली असती?"

ते हसले; बराच वेळ पेनाशी चाळा करीत राहिले, आणि शेवटी त्यांनी हजेरीपट तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली. सेवा सलग झाली. त्या सहीच्या आधारावर मी पुढे पुष्कळ भांडलो, आणि उशिरा का होईना, तिला कायम नेमणूक मिळाली.

हुकूम हाती आला तेव्हा मी पेढे आणले. "आता अळणावर कधी?" तिने विचारले.

मी तत्काळ तिच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. नियम, पोटनियम, पूर्वपीठिका, सर्व काही. तिने तो वाचला, खालची 'एक दिवसाची रजा मिळावी' ही ओळ सोडून बाकी सगळे खोडले आणि डबा घासायला घेतला.