एक काना

माझी मैत्रीण पोळपाटाच्या कडेवर लाटणं दोनदा ठोकायची आणि म्हणायची, "बघ, चालीत बसतंय का." सणसवाडीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आम्ही दोघी शेजारी बसून चपात्या लाटायचो. ती न्हावऱ्याहून एसटीनं यायची. गाणी तिला एसटीत सुचायची आणि कणीक मळताना पक्की व्हायची. माझ्यासारख्या बेसूर बाईलाही ती ऐकवायची. चूक काढली की रुसायची आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुरुस्त करून आणायची.

तिच्या दिराची गायनपार्टी होती. चौदा एप्रिलच्या जयंतीला पार्टी तिचीच गाणी म्हणायची. अशा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, हे तुम्हीही ऐकलं असेल. तिनं आधी 'सांगते' लिहिलं होतं, मग स्वतःचं दोन अक्षरी नाव आणि पुढं 'वही धर पोरी'. दीर स्टेजवर स्वतःचं नाव घालून म्हणायचा, "सांगतो चंद्रकांत, वही धर पोरी." 'सांगते'ला एक काना वाढवला की झालं काम. बाईचं गाणं पुरुषाचं झालं.

घरचे म्हणायचे, तिचं नाव चालीत बसत नाही. शिवाय बाईचं नाव माईकवरून कशाला? त्याच स्टेजवर दरवर्षी स्त्रीशिक्षणावर भाषणं व्हायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमच्या आळीतलं भजनी मंडळही काही वेगळं नव्हतं म्हणा. तिथं बायकांनी टाळ धरायचे, पेटीला हात लावायचा नाही.

तू गप्प का बसतेस, असं मी एकदा चिडून विचारलं. तिनं लाटणं थांबवलं.

"गप कुठं हाय? दोन अक्षरांच्या जागंत त्यानं चार कोंबल्यात. तितं ढोलकी ठेचकाळती. ऐकलं न्हाईस व्हय कवा?"

मी खरंच ऐकलं नव्हतं. त्या वर्षी मुद्दाम न्हावऱ्याला गेले. शेवटचं कडवं आलं, दिराचं नाव आलं आणि ढोलकी अडखळली. बायकांच्या घोळक्यात तिनं माझा हात दाबला आणि हसून म्हणाली, "ती मी."

मला हसू आलं नाही. एवढी गाणी रचणाऱ्या बाईनं एका अडखळण्यावर समाधान मानायचं, याचा मला आजही राग येतो.

गेल्या वर्षी तिनं ताप अंगावर काढला आणि गेली. तिच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला दिराचीच पार्टी होती आणि गाणं तिचंच. शेवटचं कडवं आलं तशी मी बायकांतून उठले आणि बेसूर तर बेसूर, दिराच्या आधीच 'सांगते' म्हणून तिचं नाव घेतलं. ठेका सरळ पडला. ढोलकीवाल्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. चालीत बसत नाही असं घरचे म्हणायचे, ते नाव चालीत नेमकं बसलं होतं, आणि मांडवातल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

ती ओळ दोनदा म्हणायची असते. दुसऱ्या वेळी दिरानं माईक तोंडाजवळ ओढला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात स्वतःचं नाव घेतलं.

ढोलकी ठेचकाळली.