आईची दृष्ट

आमची अक्का, माझी थोरली बहीण, कामाला वाघ आणि काळजीने अर्धी. एका प्रयोगशाळेच्या तळघरात ती गोठवणीच्या टाक्या सांभाळायची. द्रव नायट्रोजन भरायचा, झाकणं पुसायची आणि नव्या पोरींना दम द्यायचा, "नमुन्याची नळी उगाच टाकीच्या गळ्यापर्यंत वर काढायची नाही, ऊब लागते. बघायची एवढी हौस असेल तर घरी जाऊन आरसा बघा."

मग तिच्याच लेकीला कॅन्सर झाला. औषधांनी पुढे मूल होणार नव्हतं, म्हणून आधीच पोरीच्या बीजांडकोशाचे तुकडे काढून, नळीत घालून अक्काच्याच टाकीत गोठवले. गोठताना बर्फाचे स्फटिक वाढले तर पेशी फाटतात. बर्फाळ समुद्रातल्या माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते स्फटिकाला चिकटून बसतं आणि त्याला मोठं होऊ देत नाही. तेच घातलं होतं. अक्का म्हणायची, "माझी नातवंडं माशांच्या पुण्याईवर येणार बघ."

पोरगी वाचली, लग्नही झालं. परवा डॉक्टरांनी एक तुकडा वितळवून पाहिला. मेलेला. उरलेलेही तसेच. ते म्हणाले, गोठवणं चोख होतं, पण नळीला वरचेवर ऊब लागलीय. दर वेळी बारीक स्फटिक थोडे थोडे मोठे होत गेले, प्रथिन तरी किती पुरं पडणार? टाकीतच बिघाड असावा.

बिघाड कसला डोंबलाचा. अक्काने मला दवाखान्याच्या जिन्यात गाठून सांगितलं. रोज काम संपलं की ती लेकीची नळी वर काढायची, नावावरचं हिम हातमोज्याने पुसायची, परत आत सोडायची. लोकांच्या नळ्यांना असा कधी हात लावला नाही. "क्षणभरच गं," म्हणाली. "दवाखान्यात तिच्याजवळ जाऊ द्यायचे नाहीत. मग हिला बघून यायचे. पुढे सवयच लागली." मला भयंकर राग आला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी लेकीकडे गेलो. अक्काने तिचा हात धरला. "बाळा, माझीच दृष्ट लागली. मीच रोज बघत राहिले."

पोरगी रडता रडता हसली. "काय आई, एवढी वर्षं प्रयोगशाळेत काढलीस आणि दृष्ट कसली मानतेस? उलट तिथे तू होतीस, म्हणून तर मला घोर नव्हता."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला उठले.