बोनस म्हणजे दिवाळीचा नव्हे

माझ्या नावावरचे पहिले शंभर शेअर मी घेतले असं म्हणणं खोटं ठरेल. ते मला मेहताजींनी घ्यायला लावले. हाटकेशला स्टीलची भांडी पॉलिश करायचा एक कारखाना होता. तिथे मी मशीनवर होतो आणि मेहताजी हिशेब लिहायचे. एके दिवशी त्यांनी एक छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. पाइप बनवणारी कंपनी, दहा रुपयांना एक शेअर. मी सातवीत शाळा सोडून परभणीकडून आलेला, मला सही करायचीच धास्ती. जुन्या कागदावर दोनदा गिरवली आणि मग फॉर्मवर केली. माझ्यासारख्याला असं हाताला धरून कोण बसवतं? त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

शेअर मिळाले आणि माझी झोप कमी झाली. सकाळी चहाच्या गाडीवर पेपर यायचा. पुढारी काय बोलले ते लोक वाचायचे, मी आतलं बाजारभावाचं पान उघडायचो. बारीक अक्षरांत कंपनीचं नाव शोधायला बोट लावावं लागायचं. दोन वर्षांत भाव ऐंशीच्या वर गेला. तरी आज पडला असेल, असं धरूनच मी रोज पेपर उघडायचो.

त्याच सुमाराला मी नवघरला एका काकींकडे झोपण्यापुरती कॉट भाड्याने घेऊन राहत होतो. त्यांचं घराणं पूर्वी मिठागरवालं. आता घराच्या मागे चार खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या. त्यातली कोपऱ्यातली रिकामी झाली होती. डिपॉझिट पाच हजार. ते भरलं की माझी बायको आणि मुलगी गावाहून यायच्या होत्या. पैसे मी जमवले होते, फक्त द्यायचे बाकी होते.

काकी रोज विचारायच्या, "आनलंस काय रे पैसं? मी तुज्यासाठी खोली धरून ठेवलीय. पन किती दिस धरू?"

"शनिवारी देतो, काकी."

"शनवारी न्हाय दिलंस तर दुसऱ्याला देईन. मंग माज्या नावानं बोंबलू नको."

त्या आठवड्यात गुरुवारी पेपर उघडला आणि बोट थांबलं. काल चौऱ्याऐंशी असलेला भाव आज एकेचाळीस. नावापुढे दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती. छापताना काही चुकलं असेल असं मला वाटलं. चहा तसाच राहिला. आधी वाटलं, बुडालो. मग चालता चालता डोकं दुसरीकडे वळलं. कारखान्यात सगळे म्हणायचे, पडल्यावर घ्यायचे असतात. चौऱ्याऐंशीचा माल एकेचाळीसला मिळतोय. डिपॉझिटच्या पैशात एकशेवीस शेअर येतील. परत ऐंशी झाला की भाड्याची खोली काय, इंद्रलोकच्या नव्या इमारतीत फ्लॅटच बुक करू. बायको चार महिने थांबली तर काय होणार आहे? ती थांबायला शिकलेलीच होती. हे मी मनात इतक्या सहज म्हटलं, याची आज लाज वाटते.

दुपारच्या सुट्टीत मेहताजींसमोर पाच हजारांचं पाकीट ठेवलं. "आपल्या पाइपवाल्याचे अजून घ्यायचेत. भाव अर्धा झालाय."

मेहताजींनी पाकिटाला हात लावला नाही. "का पडला?"

"ते काय माहीत."

"माहीत नाय, आणि पाच हजार देतो? अरे भाई, भाजीवाला काल आठ रुपये सांगतो, आज चार सांगतो, तर तू दोन किलो घेतो का? आधी उचलून बघतो ना, सडली तर नाय?"

"बघतो."

"मग?" त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एकदम हसायला लागले. "थांब थांब. त्याचा तर बोनस होता!"

मला काही कळेना. "दिवाळीला अजून पाच महिने आहेत, मेहताजी. आणि मी कुठे त्या कंपनीत कामाला आहे?"

आता शेजारचा पॅकिंगवालाही हसायला लागला. "ह्याला पाइपवाला बोनस देणार, आणि वर मिठाईचा डबा!"

"दिवाळीचा नाय रे, शेरचा बोनस," मेहताजी म्हणाले. "तुझ्याकडे शंभर आहे, कंपनी अजून शंभर फुकट देते. एकाचे दोन झाले, म्हणून भाव अर्धा. पडला नाय, वाटला गेला. पेपरात नावापुढे ती दोन इंग्रजी अक्षरं असतात ना, ती त्याचीच खूण. तुला पत्र नाय आलं?"

पत्र आलं नव्हतं. संध्याकाळी काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "इंग्रजी लिफाफा? आला व्हता की. जमिनीच्या कागदांत ठेवलाय." त्या घरात इंग्रजीतलं पत्र म्हणजे मिठागराच्या जमिनीची नोटीस, इतकंच काकींना ठाऊक. त्यांनी ट्रंक उघडली. सात-बाऱ्याच्या उताऱ्यांखाली माझं पत्र व्यवस्थित ठेवलेलं.

"माझं नाव होतं ना वर, काकी?"

"मला काय वाचता येतंय? आनि तुला तरी काय कळलं असतं?"

 मेहताजींसमोरून परत उचललेलं पाकीट खिशातच होतं. ते मी त्यांच्या हातात दिलं. शनिवारपर्यंतही थांबलो नाही. पैसे माझ्याजवळ राहिले तर मी काय करीन, याची आता मलाच खात्री वाटत नव्हती.

पुढे कधी भाव पडला की मी आधी मेहताजींकडे जायचो आणि का पडला ते विचारायचो. कारण कळलं आणि पटलं तर दहा-वीस घ्यायचो, नाही तर गप्प बसायचो. ते गप्प बसणं मला फार जड गेलं. माझ्यासारख्या घाबरट माणसाला वाटतं, काहीतरी केलं की भीती जाईल.

खरं सांगायचं तर त्या गुरुवारी एकेचाळीसला घेतले असते तरी तोटा झाला नसता. वर्षभरात भाव पुन्हा ऐंशीला टेकला. मेहताजींनीच मुद्दाम येऊन सांगितलं, "बघ, घेतले असते तर!" आणि डोळा मारला. मी बायकोलाही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "म्हणजे आम्ही अजून गावाकडेच असतो."

मुलगी तोपर्यंत नवघरच्या मराठी शाळेत दुसरीत गेली होती. काकींच्या दारात बसून ती त्यांना लिफाफ्यांवरची नावं वाचून दाखवायची.