बिनलग्नाच्या हाताची लाल पाकिटं

आमच्याकडे चिनी नववर्षाला पैशांचं लाल पाकीट द्यायचं की घ्यायचं, हे वयावर नाही, लग्नावर ठरतं. लग्न झालं की तुम्ही देणारे. नाही झालं तर केस पिकले, दात पडले तरी घेणारेच. माझी नणंद किट-यिंग चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षापर्यंत ती घेणाऱ्यांतच होती आणि देणारी मी होते, तिच्याहून चार वर्षांनी लहान.

लग्नानंतरचं पहिलं नववर्ष मला अजून आठवतं. मी बावीस वर्षांची होते. सासूबाईंनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "नणंदेला दे, आणि लवकर नवरा मिळो म्हण." मी दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं आणि सांगितलं तसं म्हटलं. वन्संनीही दोन्ही हातांनी घेतलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यानंतर त्या पन्नाशीच्या होईपर्यंत दर वर्षी मी तेच म्हणत राहिले. पुढे मला माझीच लाज वाटायला लागली, तेव्हा "तब्येत सांभाळा" म्हणायला लागले. त्यावर वन्सं म्हणाल्या, "बरं झालं बाई, नवऱ्यातून सुटले एकदाची."

त्यांना कुणी विचारलं नाही असं नव्हे. तेराव्या वर्षी त्या प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात लागल्या. मग शिवणाच्या कारखान्यात, मग चहाघरात. वाफेच्या टोपल्या रचलेली गाडी टेबलांमधून ढकलत त्यांनी बावीस वर्षं काढली. आवाज असा की कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाला टोपलीत काय आहे ते पाहावं लागत नसे. शिवणाच्या कारखान्यात एक शिंपी होता, त्याने मागणी घातली होती. सासूबाई म्हणाल्या, "वा-सांगचं शिक्षण होऊ दे." वा-सांग म्हणजे आमचे हे. वन्संच्या पगाराचं पाकीट दर महिन्याला न उघडता आईच्या हातात जायचं, त्यातून त्यांना बसभाडं मिळायचं आणि ह्यांची शाळा चालायची. शिंपी दोन वर्षं थांबला, मग त्याने दुसरीकडे पाहिलं. वन्सं विषय निघाला की म्हणतात, "जाऊ दे गं, माझ्या खांद्याएवढा होता. लग्नाच्या फोटोत त्याला स्टुलावर उभं करावं लागलं असतं."

ह्यांनी ही गोष्ट कधी नाकारली नाही. कधी बोलूनही दाखवली नाही.

यंदा नववर्षाच्या दोन आठवडे आधी वन्संचा फोन आला. "सिऊ, मी बँकेच्या रांगेत आहे. नव्या नोटा घेते आहे."

"तुम्हाला कशाला नव्या नोटा?"

"जुन्या कुणी पाकिटात घालतं का?"

मी खुर्ची ओढून बसले. त्या म्हणाल्या, "दोन तास झाले, माझे पाय सुजलेत, पुढे एक म्हातारा आहे तो दर पाच मिनिटांनी रांग सोडून मुतायला जातो. मी हलत नाही. तू ह्यावर काही बोलू नकोस, फक्त ऐक." मी ऐकलं, आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी सगळे आमच्या घरी जमले. मुलगा का-मिंग, सून सुक-यी, आणि माझी सोळा वर्षांची नात होइ-लाम. पहिल्या दिवशी आमच्याकडे केर काढत नाहीत, वाईट बोलत नाहीत आणि भांडत तर नाहीतच, नाहीतर वर्षभर तेच चालतं म्हणतात. मी मुळ्याच्या वड्या तळत होते. वन्सं आल्या, बुंदक्यांचा लाल स्वेटर घालून. बसल्या, कलिंगडाच्या चार बिया फोडल्या, आणि पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला. शंभर तरी असतील. प्रत्येकावर सोनेरी अक्षरात आमचं आडनाव छापलेलं होतं, फुंग.

"होइ-लाम, इकडे ये."

पोरगी उठली. तिचे दोन्ही हात अर्धे पुढे आले आणि ती थांबली, कारण आजोबा हसत होते. आमचे हे नववर्षाला रागावले की हसतात.

"ताई," हे म्हणाले, "तू पाकीट द्यायचं नसतं."

"का रे?"

"तुला माहीत आहे."

"मला नाही माहीत. मोठ्याने सांग. आज शुभ बोलायचा दिवस आहे, शुभ शब्दांत सांग."

हे बियांच्या बशीकडे पाहायला लागले. सुक-यी मध्ये पडली. ती वाईट नाही, पण तिच्या माहेरी ह्या गोष्टी फार मानतात. "आत्या, तुमची माया आम्हाला कळते हो. पण मुलीची जात आहे. लग्न न झालेल्या हातचं घेतलं तर उगाच..."

"उगाच काय? माझ्यासारखी होईल?"

"तसं नाही म्हणाले मी."

"म्हण की. मी सांगते माझ्यासारखी झाली तर काय होईल. स्वतःच्या खोलीची किल्ली स्वतःच्या खिशात असेल. रात्री भूक लागली तर कुणाला न विचारता शेवया उकळेल. आणि एकाहत्तर वर्षांच्या भावासमोर बसून पाकीट देण्याची परवानगी मागणार नाही."

का-मिंग म्हणाला, "आत्या, आपण परवा बोलू या का?"

"परवा तर तिसरा दिवस, भांडणाचा मानतात, लोक घराबाहेर पडत नाहीत. मी आज गोड बोलते आहे, आजच ऐकून घ्या."

ह्यांचं हसू आता गालांना दुखत असावं. त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "आणि हे फुंग कुणाला विचारून छापलंस? हे घराण्याचं पाकीट. देणाऱ्या घराचं नाव असतं यावर."

"बाबांना विचारून. मी जन्मले तेव्हाच त्यांनी दिलं. तुझ्या तीन वर्षं आधी." वन्संनी माझ्याकडे मान वळवली. "सिऊ ‘हो’ आडनावाच्या घराण्यातून आली. सुक-यी लिऊ घराण्यातून आली. दोघी आल्याच्या पहिल्या वर्षापासून फुंगची पाकिटं वाटतात. वाटू देत, चांगल्या पोरी आहेत. मी चौऱ्याहत्तर वर्षं फुंग आहे, एक दिवस दुसरं काही झाले नाही. मग या खोलीत सगळ्यांत जुनं फुंग कोण?"

मुळ्याच्या वड्या एका बाजूने करपल्या, मला वास आला तरी मी उलटल्या नाहीत.

"या घरात नाही," हे म्हणाले. हसू गेलं होतं.

"बरं," वन्सं म्हणाल्या. गठ्ठा पिशवीत टाकला, भिंतीला टेकवलेलं घडीचं स्टूल काखेत घेतलं आणि दार उघडून बाहेर गेल्या. मला वाटलं, घरी निघाल्या. पण आमच्या एकोणिसाव्या मजल्यावर लिफ्टसमोर त्यांनी स्टूल उघडलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

पहिल्या दिवशी लिफ्ट रिकामी येत नाही. दार उघडलं की नवे कपडे घातलेली पोरं बाहेर पडतात, एका घरातून दुसऱ्या घरात. सातव्या दारचा मिशा फुटलेला मुलगा आला, त्याला वन्संनी हाक मारली. मग त्याच्या दोघी बहिणी. मग कोपऱ्यावरच्या घरचे चुलत-मावस सगळे. वन्संचा चहाघरातला आवाज मजलाभर घुमत होता. "उंच झालास की. दात नीट लागले का गं? अभ्यासाचं मी विचारत नाही, घाबरू नकोस. हे घे. आईकडे सांभाळायला द्यायचं नाही."

"आजी, आई मागेल."

"मग सांग, लिफ्टजवळच्या आजीने शपथ घातली आहे. हे तुझ्या हातात दिलं, तुझ्या हातानेच जाईल. चप्पल घे, सिनेमा बघ, मैत्रिणीला खाऊ घाल, वाया घालव. सोळाव्या वर्षी स्वतःचे पैसे वाया घालवायला मिळाले नाहीत की पुढे माणूस हिशेबी होतं."

आत आम्ही सगळं ऐकत होतो. हे म्हणाले, "लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं."  तेवढ्यात होइ-लामने जाकीट घातलं.

"कुठे?" सुक-यीने विचारलं.

"रांगेत."

"होइ-लाम, बस खाली."

"आई, आत्तापर्यंत वीस जणांनी घेतली. सगळ्यांचीच लग्नं होणार नसतील तर मी एकटी पडणार नाही ना."

का-मिंगला हसू आवरलं नाही. पोरगी गेली. मी दारातून पाहिलं. तिने रांग मोडली नाही, चार जणांच्या मागे उभी राहिली. पाळी आल्यावर दोन्ही हात पुढे केले, वाकली आणि म्हणाली, "आत्याआजी, भरभराट होवो." जोडपं दोन पाकिटं देतं, नवऱ्याचं एक नि बायकोचं एक. वन्संनी तिला एकच दिलं, पण जाडजूड. पाकीट देणाऱ्यासमोर उघडायचं नसतं, म्हणून पोरीने ते तसंच जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि चेन लावली. परत आली तेव्हा सुक-यीचा हात सवयीने पुढे झाला. "दे, मी सांभाळते."

"नको. मी सांभाळते."

त्या पैशांचं तिने काय केलं हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

हे उठले. "ताईला म्हणावं घरी जा. माझ्या घरासमोर हा तमाशा नको. माझ्या घरात मी सांगेन तसंच होईल."

अठ्ठेचाळीस वर्षं मी ह्यांच्या बोलण्यावर मान हलवत आले. नाही पटलं तर स्वयंपाकघरात जाऊन आडवी हलवायची. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाण्याचा मला कंटाळा आला.

"तुमचं घर?" मी म्हटलं. "घर सरकारचं आहे. भाड्याच्या कागदावर तुमच्या खाली माझं नाव आहे. आणि तो कागद तुम्हाला वाचता येतो, कारण तुमच्या शाळेची फी लिफ्टसमोर बसली आहे."

वर्षाच्या पहिल्याच दिवशी मी असं बोलले. का-मिंगने खिडकीबाहेर पाहिलं. हे खाली बसले, बशी जवळ ओढली आणि बिया फोडायला लागले, पण एकही खाल्ली नाही. ह्यांनी माफी मागितली, बहिणीला आत बोलावलं, असं मी लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. पंधरा दिवस हे माझ्याशी गरजेपुरतं बोलले. ते दिवस शांततेत गेले, मी तक्रार करणार नाही.

मी न करपलेल्या वड्या ताटलीत काढल्या, दुसरं स्टूल घेतलं आणि बाहेर गेले. दार उघडंच ठेवलं. वन्संनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

"माझं पाकीट कुठाय गं?"

"देणाऱ्या माणसाला कुणी पाकीट देत नाही."

"अगं, हे वर्ष तरी धरायचंस! शंभराची नवी नोट गेली की माझी." आणि त्यांनी वडी उचलली, फुंकरही न घालता तोंडात टाकली.

लिफ्टचं दार उघडलं. बाविसाव्या मजल्यावरची बाई दोन उंच पोरांना घेऊन कुणाकडे तरी आली होती. वन्संना ती चहाघरापासून ओळखते. ती पिशवीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवीकडे.

"किट-यिंगताई, तुम्ही देता?"

"देते," वन्सं तोंडातली वडी गिळत म्हणाल्या. "एकेकाने या रे. ढकलाढकली नको."