उभी आणि आडवी

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मावशींचं खरं नाव कुणीच घेत नसे. तोंडावर 'मावशी' आणि पाठीमागे 'नाक'. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. काहींच्या नाकावर राग असतो, काहींचं नाक नुसतंच शोभेचं असतं. मावशींचं नाक कामाचं होतं. उद्या नासणारं दूध त्यांना आज कळे. पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं की तळाशी ओल आहे, हे त्या उभ्या उभ्या सांगत. आश्रमाच्या व्यवस्थापिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, टाकाटाकीच्या भयंकर विरोधात. कुठल्याही वस्तूची तारीख उलटली की ती थेट मावशींच्या पुढ्यात यायची. "मावशी, बघा जरा." मावशी हुंगायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. अंड्यांच्या ट्रेवर छापलेल्या तारखेची तर त्या टरच उडवायच्या. तारीख छापणाऱ्या यंत्राला नाक असतं का, असं विचारायच्या.

असलं हे नाक एका तापात गेलं.

ताप साधाच होता. आला तसा उतरला, भूक परत आली, जिभेला थोडीफार चवही आली. वास मात्र आला नाही. मावशींनी सर्दी समजून वाफारे घेतले, थेंब घातले, देवाला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. घरी एकदा दूध करपून भांडं कोळशासारखं झालं, तरी त्या शेजारी बसून शांतपणे भाजी निवडत होत्या. सून धावत आली आणि विचारू लागली, आई, तुम्हाला वास कसा नाही आला? लक्ष नव्हतं, असं म्हणून मावशींनी वेळ मारून नेली आणि ते भांडं घासताना नळ मोठा सोडून रडून घेतलं. नाक कापलं गेलं तर माणूस निदान तोंड लपवतो. यांचं नाक चेहऱ्यावर जागच्या जागी होतं आणि लपवायचं तेच होतं.

सांगून टाकता आलं असतं. मॅडम काही वाईट नव्हत्या. पण मावशींचे हात आता थरथरायचे, मोठी पातेली उचलवत नव्हती, आणि तरीही त्यांना ठेवलं होतं ते या एका गुणावर. तो गेला म्हटल्यावर उरलं काय? मध्ये एकदा त्यांनी शहाणपणा करून तारीख उलटलेली अंडी सरळ टाकली. मॅडमना ती कचऱ्याच्या डब्यात दिसली. "हुंगलीत ना, मावशी?" एवढंच त्यांनी विचारलं. मावशी हो म्हणाल्या खऱ्या, पण त्या प्रश्नाने त्यांची झोप उडाली.

मग त्यांनी पाण्याचा आधार घेतला. संध्याकाळी स्वयंपाकघर रिकामं झालं की पातेलं भरायचं आणि त्यात अंडी सोडायची. तळाशी आडवं पडलं ते ताजं. तळाशीच पण उभं राहिलं ते जुनं, ते चांगलं कडक उकडून द्यायचं. तरंगलं ते टाकायचं. पाणी अंड्याचं वय सांगतं, पोटातलं पाप सांगत नाही, हे मावशींना कळत होतं. पण काहीच नसण्यापेक्षा पाणी बरं. तरंगणारी आणि तडा गेलेली अंडी त्या कचऱ्यात टाकत नसत, पुन्हा मॅडमचे प्रश्न नकोत म्हणून. ओट्याखाली एका वाडग्यात झाकून ठेवत आणि जमेल तेव्हा पिशवीत घालून बाहेर नेऊन टाकत.

पाण्याशिवाय त्यांच्याकडे आणखी एक परीक्षा होती. ती म्हणजे मास्तर.

मास्तर कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, त्यामुळे सगळ्या जगाला अरेतुरे. दात एकही नाही, अंगात ताकद नाही, आणि सकाळचं अर्धकच्चं अंडं हाच काय तो त्यांच्या पोटात नीट जाणारा घास. ते अंडं कपात ठेवून मावशी स्वतः न्यायच्या. पलंगाशी उभ्या राहून वरचं टरफल काढायच्या, कप नाकाशी न्यायच्या, डोळे मिटून मान हलवायच्या आणि मग चमचा मास्तरांच्या हाती द्यायच्या. पूर्वी एवढं झालं की त्या लगेच वळायच्या, मागे ढीगभर कामं असायची. तापानंतर त्या थांबू लागल्या. पहिला चमचा गिळून होईपर्यंत मास्तरांच्या चेहऱ्यावरून नजर हलवायच्या नाहीत. मास्तर गिळायचे, हसायचे आणि म्हणायचे, "फक्कड." तेवढ्याने मावशींचा जीव भांड्यात पडायचा. हल्ली मास्तर सकाळी जरा खुललेले दिसतात, असं आश्रमात सगळेच म्हणू लागले होते.

अशात मावशींच्या हाताखाली एक नवी बाई आली. पन्नाशीची, कामाला वाघ, आणि सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळणारी. एके दिवशी सकाळी चुलीपाशी दोघींची धांदल चालली होती, तेवढ्यात मॅडमनी मावशींना कोठीत बोलावलं. पिठाच्या गोणीची तारीख गेली होती आणि ती हुंगून हवी होती. मावशींना आता फक्त ती गोणी दिसत होती. त्या गोंधळात जाता जाता त्या नव्या बाईला म्हणाल्या, "अगं, उभी आहेत ती सगळ्यांसाठी कडक उकड. आडवी मास्तरांना."

मावशींच्या डोळ्यांपुढे आदल्या संध्याकाळचं पातेलं होतं. बाईपुढे पातेल्यातून काढून परत भरलेला ट्रे होता, आणि ट्रेमध्ये अंडी उभीच असतात, जुनी काय आणि ताजी काय. तिने आडवी कुठे दिसतात का म्हणून शोधलं. ओट्याखालच्या वाडग्यात तीन-चार मजेत आडवी पडलेली सापडली.

मावशी गोणीवर नाक टेकवून, अंदाजपंचे 'ठीक आहे' म्हणून परत आल्या तर मास्तरांचा कप तयार होता. त्यांनी तो नेला. टरफल काढलं, कप नाकाशी नेला, मान हलवली. मास्तरांनी चमचा तोंडात घातला आणि क्षणभर थांबले. मग त्यांनी गिळलं, हसले आणि म्हणाले, "फक्कड." त्यांनी सगळं संपवलं.

स्वयंपाकघरात येऊन मावशी भांडी आवरायला वाकल्या तर वाडग्यावरचं झाकण बाजूला. मास्तरांचं अंडं कुठून घेतलंस, असं त्यांनी विचारलं तेव्हा आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"तुम्हीच म्हणालात ना, आडवी मास्तरांना," बाई म्हणाली. "ही काय, आडवीच तर होती."

मावशींनी वाडग्यावर झाकण परत ठेवलं. तेव्हाच्या तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मास्तर हसले होते, फक्कड म्हणाले होते, म्हणजे अंडं चांगलंच असणार, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. माणूस भ्यायला की कशावरही विश्वास ठेवतो.

दुपार कलायच्या आत मास्तरांना उलट्या सुरू झाल्या, मागोमाग जुलाब. डॉक्टर आले, सलाइन लागलं. सकाळी काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दारात उभ्या मावशी म्हणाल्या, रोजचंच. मॅडमनी लगेच पाठराखण केली. आमच्या मावशींनी हुंगल्याशिवाय इथे काही ताटात पडत नाही, असं त्यांनी डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं. मग दोष कुणाचा? मॅडमची नजर नव्या बाईच्या हातांवर गेली. हात नीट धूत नसेल, नखं बघा, असं सुरू झालं. बाई आपली नखं पुढे करून दाखवत राहिली, आणि मावशी खाली मान घालून कांदा चिरत राहिल्या. कांद्याचाही वास येत नव्हता, नुसतं डोळ्यांतून पाणी येत होतं.

मास्तर वाचले, पण निम्मे झाले. काही दिवसांनी सलाइन निघालं, आणि त्याच सकाळी नव्या बाईला आजपासूनच येऊ नकोस असं सांगण्यात आलं. मावशी कोमट दुधाचा कप घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या. दूध त्यांनी नाकाशी नेलं नाही.

"मास्तर, त्या दिवशी अंड्याला वास येत होता का?"

"येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी थोडा दम घेतला. आपलं नाक म्हातारं आणि हिचं नाक म्हणजे कोर्टाचा निकाल, ही हुंगून देते म्हणजे चुकत आपलंच असेल, असं त्यांना वाटलं होतं. "आणि दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "तू थांबतेस. लहानपणी आई थांबायची, पहिला घास आवडला का ते बघायला. तिच्यानंतर तूच. असं कुणी समोर उभं असल्यावर तोंड वाकडं करवतं का? मी फक्कडच म्हणतो. मधे एकदा तर मीठ खच्चून पडलं होतं, तरी म्हणालो."

म्हणजे इतक्या दिवसांतल्या एकाही फक्कडला काही अर्थ नव्हता. गप्प बसून दूध देता आलं असतं. म्हाताऱ्याच्या मनातली आई तशीच राहिली असती आणि यांचं नाकही. पण उद्या पुन्हा अंडं येणार होतं, आणि बाहेर नवी बाई आपले कामाचे कपडे पिशवीत भरत होती.

"मला वास येत नाही, मास्तर. त्या तापापासून."

मास्तर त्यांच्या नाकाकडे बघत राहिले, जणू ते गेलंय की आहे याची खात्री करून घेत होते. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग रोज समोर उभी राहून काय बघत होतीस?"

"तुम्हाला येतोय का ते."

मास्तरांनी कष्टाने कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. मावशी सवयीने थोडा वेळ तिथेच थांबल्या. मग दुधाचा कप उशाशी ठेवून मॅडमच्या खोलीकडे गेल्या, कारण नवी बाई पिशवी घेऊन फाटकापर्यंत पोचली होती.